तहसीलदार हातावर बसले

१० फेब्रुवारी

आज दोन गोष्टी झाल्या. राज्यसेवेच्या निकालात माझं नाव चौथ्यांदा नव्हतं, आणि मला नोकरी लागली. घरी यातली पहिलीच सांगितली.

नोकरी अशी. केर्लीच्या पुढं, जोतिबाचा घाट लागायच्या आधी, बाळासो म्हणून एका माणसानं कृषी पर्यटन काढलंय. आधी ते वाळू-खडी पुरवायचे. आता पुण्या-मुंबईच्या लोकांना बैलगाडी, झोका, चुलीवरचं जेवण आणि शेण दाखवतात. शिवाय पोरांनी हातात घ्यायला कोंबडीची पिल्लं. मागच्या खेपेच्या पिल्लांनी घोळ घातला. पोरं दिसली की ती बैलगाडीखाली जाऊन बसायची, आणि एकानं ठाण्याच्या एका बाईंच्या बाळाला चोच मारली. बाईंनी इंटरनेटवर लिहिलं, ‘जेवण उत्तम. कोंबड्या असभ्य. एक तारा.’ तो तारा बाळासोंना मूळव्याधीसारखा दुखतोय.

“शिक्षण?” त्यांनी विचारलं.

“बीएस्सी झूलॉजी. नंतर पाच वर्षं स्पर्धा परीक्षा.”

“म्हणजे एका जागी बसायची सवय हाय. परवापास्नं या.”

घरी सांगितलंय, नवी अभ्यासिका लावलीय, शिवाजी पुलाच्या पलीकडं, शांत आहे, नऊ ते सहा. पप्पा साखर कारखान्याच्या शेती खात्यातून निवृत्त झालेत. एकतीस वर्षं त्यांनी साहेबांच्या सह्या घेतल्या, आता सही करणारं एक माणूस त्यांना घरातच पाहिजे आहे. पेपर खाली न करता म्हणाले, “पुलाच्या पलीकडं कुठं?”

“आहे एक.”

“बरं.”

१२ फेब्रुवारी

चोवीस पिल्लं आली. एका दिवसाची, खोक्यातून, एसटीतल्या पासधारकांसारखी दाटीवाटीनं. पत्र्याच्या गोल कड्यात भाताचं तूस पसरलंय, वर ऊब द्यायला बल्ब. मी वाकून आत हात घातला. चोवीसच्या चोवीस पलीकडच्या कडेला जाऊन एकमेकांच्या डोक्यावर चढली. पुन्हा घातला, पुन्हा तेच. तासभर मी त्यांना नुसतं घाबरवत होते.

इथं स्वयंपाकाला झुंबरबाई आहेत. साठीच्या, काटक, आवाज असा की बैलं आपोआप थांबतात. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

“तू घार हायस व्हय गं?”

“का मावशी?”

“वरनं हात आला की त्यास्नी घार वाटती. खाली बस. बूड टेक.”

“तुसात?”

“मग काय कलेक्टरीणबाईला खुर्ची आणू?”

बसले. पिल्लं लांबच राहिली, पण निदान एकमेकांवरून उतरली.

१८ फेब्रुवारी

पहिल्याच आठवड्यात दोन मेली. झुंबरबाई म्हणाल्या, दोन जात्यातच. मी बावीस मोजून घेतली आणि कामाला लागले.

बाईंची रीत लिहून ठेवते. आत यायच्या आधी बोलायचं, म्हणजे कोण येतंय ते कळतं. खाली बसायचं, हात उताणा जमिनीला टेकवायचा, त्यावर कणी ठेवायची. दुसऱ्या हाताचं बोट थाळीवर टुकटुक वाजवायचं, कोंबडी चोच मारते तसं. त्यानंतर काहीही करायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे. दर दोन मिनिटांनी माझा हात हलतो आणि सगळी जनता पळते.

“तुला कुठं जायचंय काय?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग हात कशाला घाई करतोय?”

बोलायचं काय हाही प्रश्नच होता. शेवटी पिशवीतल्या नोट्स काढल्या आणि राज्यघटना वाचायला घेतली. मूलभूत हक्कांना पिल्लं शांत झाली, मार्गदर्शक तत्त्वांना झोपली. माझंही तसंच व्हायचं. आयोगाला ते कळलं असावं.

२१ फेब्रुवारी

आज एक हातावर आलं. वजन असं काही नाहीच, नुसती ऊब आणि नखांची टोच. कणी खाल्ली, एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं, आणि तळहातावर हगलं. मी हलले नाही. पाच वर्षांत कुणी माझ्यावर एवढा विश्वास दाखवला नव्हता.

त्याचं नाव डीवायएसपी ठेवलं. मग राहवेना. बीडीओ झाला, नायब झाली, मुख्याधिकारी झाला, उपनिबंधक झाला. आयोगानं मला न दिलेली सगळी पदं एका दुपारीत वाटून टाकली. एक तांबूस पिल्लू मात्र कोपऱ्यातून नुसतंच बघत होतं, कुणाचंही काम आज होणार नाही असा चेहरा करून. ते तहसीलदार.

झुंबरबाईंना नावं सांगितली. त्या भाकरी थापत होत्या, थांबल्या.

“नावं ठेवू नगंस.”

“का?”

“नगंस म्हणते न्हवं.” आणि भाकरी तव्यात टाकली.

जुन्या लोकांच्या काहीतरी समजुती असतात.

२६ फेब्रुवारी

जेवताना पप्पांनी नाक वर केलं. “कसला वास येतोय गं?”

“अभ्यासिकेच्या गॅलरीत कबुतरं आहेत.”

आई म्हणाली, “कबुतरांनी आजार होतात.”

“कोंबड्यांनी एवढे होत न्हाईत,” पप्पा म्हणाले आणि ताक मागितलं. कुठला विषय कुठं नेतील.

२८ फेब्रुवारी

स्कूटरच्या डिकीत तांदळाच्या कणीची पिशवी निघाली. आई ठेवून विसरली असणार. पिल्लांना घातली. आईला विचारलं नाही, एक विचारलं की पुढचं सगळं सांगावं लागेल. टाकीही भरलेली दिसतेय. परवा काटा खाली होता असं वाटलेलं, पण स्कूटर हल्ली ॲव्हरेज बरं देत असावी.

५ मार्च

झुंबरबाईंनी कुंपणातलं वाळवी लागलेलं एक लाकूड आणून माझ्यापुढं आपटलं. पांढऱ्या वाळव्या सांडल्या. आख्खं मंत्रालय धावलं, आणि सगळ्यात शेवटी, जणू फाईल वरून आलीय म्हणून नाइलाज, तहसीलदार आले. लांब मान करून एक वाळवी उचलली आणि मागं गेले. मी हात हलवला नाही. पुन्हा आले. तिसऱ्यांदा माझ्या मनगटावर चढून बसले आणि तिथंच डोळे मिटले.

माझ्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय आहे की नाही तेच कळेना. पाऊण तास तशीच बसले. बाई दोनदा येऊन बघून गेल्या. तिसऱ्यांदा चहा माझ्या तोंडाशी धरला आणि बशी धरून उभ्या राहिल्या.

९ मार्च

पिल्लांचा पहिला जाहीर कार्यक्रम. पुण्याच्या एका सोसायटीची मंडळी आली, बरोबर अठरा पोरं. पोरांनी आत धाव घेतली, मी दार अडवलं. म्हटलं, आधी बुडं टेका. सगळ्यांना तुसात बसवलं, हात उताणे, तोंड बंद. एका मुलाचे वडील म्हणाले, “घरात पाच मिनिटं बसत नाही हो हा.” पिल्लांनी त्याला बसवलं. नायब एका चष्मेवाल्या मुलीच्या मांडीवर जाऊन झोपली, ती मुलगी श्वास घ्यायलाही घाबरत होती.

बाळासोंनी सोळा फोटो काढले, त्यातल्या बारांत ते स्वतः आहेत.

मग जेवण. गावरान कोंबडी, तांबडा, पांढरा. चष्मेवालीनं ताटातला तुकडा उलटा करून बघितला आणि मला विचारलं, “ताई, हे पण माणसाळलेलं होतं?”

“नाही गं, ही दुसरी.”

“दुसरी कुणाची?”

झुंबरबाई वाढत होत्या. “खा गुमान, रस्सा थंड हुतोय.”

पोरं नको ते विचारतात. मी पण दोनदा रस्सा घेतला. फार छान झाला होता.

१६ मार्च

इंटरनेटवर नवा अभिप्राय आलाय. बाळासो सगळ्यांना वाचून दाखवत फिरताहेत. लिहिणाऱ्यानं नाव दिलं नाही, फोटोच्या जागी उसाचा फड आहे.

‘सदर ठिकाणी भेट दिली असता तेथील पिल्ले शिस्तबद्ध व माणसाळलेली असल्याचे निदर्शनास आले. त्यांची देखरेख करणारी मुलगी कामात तत्पर असून तिच्या पगारवाढीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. स्वच्छतागृहाची कडी तातडीने दुरुस्त करावी. पाच तारे.’

कोणीतरी रिटायर्ड माणूस असणार. असल्या माणसाच्या घरात राहणाऱ्यांची दया येते. पण कडी दुरुस्त झाली.

१२ एप्रिल

चैत्र पौर्णिमा. सगळा रस्ता गुलालानं गुलाबी, ट्रक भरभरून माणसं, दर मिनिटाला चांगभलं. यात्रेकरू पाणी प्यायला, सावलीला आमच्याकडं वळले. पिल्लं आता दोन महिन्यांची, हातभर उडतात. वाटलं घाबरतील. कसली घाबरतात. माणूस दिसलं की पळत जातात, प्रत्येक जण आपल्यासाठीच कणी घेऊन आलाय अशी समजूत. दुपारपर्यंत सगळी गुलाबी झाली. डीवायएसपी एका हलगीवाल्याच्या खांद्यावर बसून फिरत होता.

तीनच्या सुमाराला एक कुटुंब आलं, बरोबर साखळीवर कुत्रा. बीडीओ त्याच्याकडं चालत गेला. पळाला नाही, थांबला नाही, गेला आणि समोर उभा राहिला. त्याला वाटलं तेही पाहुणंच आहे. मी ओरडले. माझ्या आवाजानं तो माझ्याकडं वळला, तेवढंच झालं.

कुत्र्याच्या मालकिणीनं फार माफी मागितली. झुंबरबाईंनी बीडीओला फडक्यात गुंडाळून आंब्याखाली पुरला. एरवी इथं काही वाया जात नाही. मी म्हटलं, “पळायला काय झालं होतं त्याला?”

बाईंनी हात धुतले. “त्याला पळायचं कुणी इसरायला लावलं?”

संध्याकाळी घरी गेले तर कानामागं गुलाल. आईनं विचारलं. म्हटलं, अभ्यासिकेतली सगळी दर्शनाला गेलेलो. पप्पा म्हणाले, “जिवाला लागंल असं काय झालं काय?” मी नाही म्हटलं आणि न्हाणीत जाऊन रडले. दर्शनाला गेल्यावर माणसाला काय लागणार आहे जिवाला.

२० मे

आता पिल्लं म्हणायची सोय नाही. दहा कोंबडे, अकरा तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या. तहसीलदार तर असा देखणा झालाय की बघत राहावं, गळ्याला तांब्याचा रंग, शेपटीत हिरवी झाक. आवाज मात्र फुटतोय, दाराची बिजागरी करकरावी तशी बांग देतो. तरी मी खाली बसले की मांडीवर येतो. मांडीत मावत नाही, अर्धा बाहेर लोंबतो.

बाळासो म्हणाले, “ह्यांचं शिक्षण झालं. पुढच्या आठवड्यात नवीन पिल्लं येत्यात. पोरास्नी लहान पायजे, हे आता अंगावर जात्यात.”

“मग यांचं काय करायचं?”

“तलंगा अंड्याला. कोंबडे आखाडाला.”

मी हातातली थाळी खाली ठेवली.

“काय झालं? मग काय पेन्शन देऊ त्यास्नी?”

२ जून

दोन आठवडे लिहिलं नाही. लाज वाटत होती, नक्की कशाची ते अजून कळलेलं नाही.

ठरवलं की त्यांना पुन्हा रानटी करायचं. माणूस दिसलं की पळाले, झाडावर चढून बसले, धरताच आले नाहीत, तर कापणार कसे? सकाळी केरसुणी घेऊन मागं लागले. त्यांना वाटलं खेळ आहे. डबा बडवला, ते जेवणाला म्हणून धावत आले. अंगावर पाणी फेकलं. उन्हाळा आहे, त्यांना बरंच वाटलं. शेवटी तहसीलदारला खरंच मारलं, पाठीवर, केरसुणीनं. तो चार पावलं मागं गेला, मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या पायाशी येऊन बसला.

तीन महिने खपून शिकवलं. माझ्या आयुष्यात एवढं चांगलं काम मी दुसरं केलेलं नाही, आणि ते उलटं फिरत नाही.

१४ जून

पाऊस आहे, गिऱ्हाईक नाही. चुलीपाशी झुंबरबाईंना विचारलं.

“मावशी, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?”

“तुला न्हवतं? तुझ्या ताटात रोज काय असतंय?”

त्यांनी लाकूड आत सारलं.

“सासूनं पयल्यांदा कोंबडा धरायला लावला तवा मी सोळाची हुते. त्यानं मला सगळ्या आवारात पळवलं. धरला तर त्याचं काळीज असं उडत हुतं, माझ्या हाताला लागत हुतं. कापला. पण त्ये उडणं माझ्या हातातनं आठ दिस जाईना. तवापास्नं पिल्लास्नी हातावर खायला घालती. शेवटाला उचलला तरी त्याला वाटतंय, दाणं द्यायला उचललं. एवढंच माझ्या हातात हाय. बाकी माझ्या हातात काय हाय?”

मला राग आला. म्हणजे हे सगळं बूड टेकणं, वाळव्या आणणं, ते सुरीसाठी. मी उठून गेले. आता लिहिताना वाटतंय, त्या निदान कशासाठी ते जाणून करत होत्या. मी ताऱ्यांसाठी करत होते.

१३ जुलै

आज कुठल्याशा पतसंस्थेच्या चेअरमनचा वाढदिवस आमच्याकडं होता. तीस माणसं, पांढऱ्या गाड्या. चेअरमन आंब्याखाली खुर्चीत बसले. तहसीलदार आपला गेला, उडी मारून त्यांच्या मांडीवर बसला आणि डोळे मिटले. सगळ्यांनी मोबाइल काढले. चेअरमननी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, कितीतरी वेळ फिरवला. मला क्षणभर वाटलं, सुटला.

“काय ग्वाड पाखरू हाय,” चेअरमन म्हणाले. “बाळासो, हाच करा. छातीला बघा कसा भरलाय.”

मी पुढं गेले. दोन्ही हात खालून घालून तहसीलदारला उचललं आणि म्हटलं, “हा नाही.”

“का?”

“नाही म्हणजे नाही.”

बाळासोंचा चेहरा वांग्यासारखा झाला. “स्वप्नाली, बाजूला व्हा.”

झाले नाही. चार मुलाखतींच्या तयारीत मला कुणी हे शिकवलं नव्हतं, समोरच्याला नको असलेलं उत्तर देऊन तिथंच उभं राहणं. कोंबडा माझ्या काखेत झोपलेला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून झुंबरबाई हात पुसत आल्या. “ह्यास्नी जंताचं औषध दिलंय परवाच. धाच्या धा जणांस्नी. आठ दिस खायचं न्हाई, पोट बिघडतंय. वाढदिवसाला साहेबास्नी जुलाब करायचं असंल तर बघा, मी आताच करती.”

चेअरमननी धोतरावरची पिसं झटकली आणि मटण चालेल म्हणाले.

नंतर बाळासोंनी मला बोलावलं. “अमावास्येचं बुकिंग हाय, दहा कोंबडे सांगितल्यात. तवा वकिली चालायची न्हाई. तुमचं काम पिल्लांचं.”

जाताना बाईंना विचारलं, औषध कधी दिलंत, माझ्या वहीत नोंद नाही. म्हणाल्या, “तू जेव आधी.” हल्ली विसरतात. वय झालं.

१४ जुलै

घरी सांगितलं. गाडी लागणार होती, आणि माझ्याकडं फक्त स्कूटर आहे. दहा कोंबडे स्कूटरवर नेता आले असते तर आजही सांगितलं नसतं, हे इथं कबूल करते.

“पप्पा, मी अभ्यासिकेत जात नाही.”

त्यांनी पेपर खाली ठेवला. घडी घातली. “मग?”

सगळं सांगितलं. आई खाली बसली. पप्पा पंख्याकडं बघत ऐकत होते. मी ओरडण्याची वाट बघत होते, त्याची मला सवय आहे.

“फॉर्म?” त्यांनी विचारलं.

“या वर्षी भरला नाही. पुढच्या वर्षीही भरणार नाही.”

ते उठून गॅलरीत गेले. बराच वेळ रस्त्याकडं बघत उभे राहिले. पाठमोरे असे पाहिले की ते म्हातारे वाटतात, हे मला आजपर्यंत दिसलं नव्हतं. परत आले तेव्हा डोळे पुसून आल्यासारखे वाटले, पण ते चष्मा पुसत होते.

“कोंबडे किती म्हणालीस?”

“दहा.”

“बिद्रीला आकारामच्या शेडात दहा-बारा मावत्यात. पत्रा नवीन घातलाय.” आकारामकाका म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ. “पण बाळासो विकायचा न्हाई. त्याला अमावास्येला ताटात कोंबडा पायजे. कोंबड्याला कोंबडा द्यायचा. आकारामकडं गावठी हैत दहा.”

बाळासोंचा स्वभाव त्यांनी बरोबर ओळखला. मी फार वेळ बोलत होते, त्यातूनच कळला असणार.

“म्हणजे काकांचे दहा कापणार.”

“तिकडं राहिले असते तरी कापलेच असते. आखाड हाय.”

याला न्याय म्हणतात की नाही, मला ठाऊक नाही. राज्यघटनेत तर कोंबड्यांना कलमच नाही.

२० जुलै

काकांचा टेम्पो घेऊन पप्पा स्वतः चालवायला बसले. केर्लीच्या पुढं डावीकडची वाट पाटी नसल्यानं सगळ्यांची चुकते, पप्पांची चुकली नाही. मोबाइलवर बघून ठेवलं असणार. बाळासो दारातच होते. “या साहेब, बसा. चहा बिनसाखरेचाच न्हवं?” गिऱ्हाईक ओळखण्यात ते पक्के आहेत, पप्पांच्या चेहऱ्यावरच मधुमेह लिहिलेला आहे.

सौदा पाच मिनिटांत झाला. बाळासोंनी काकांच्या कोंबड्यांची छाती दाबून बघितली, मान हलवली.

अडचण पुढं होती. काकांचे कोंबडे शेतावर वाढलेले, माणसाचा हात त्यांना माहीत नाही. पिंजऱ्याचं दार उघडलं आणि जो कालवा झाला तो मी कधी ऐकला नव्हता. दोन छपरावर गेले, एक विहिरीच्या काठावर. धरलेला प्रत्येक जण गळा फाडून ओरडत होता. मी तिथंच उभी. ही माझ्या दहांची किंमत होती आणि ती ओरडून सांगत होती.

सगळे एकदाचे खुराड्यात गेल्यावर झुंबरबाईंनी पदर खोचला, थाळीत कणी घेतली, खुराड्याच्या दाराशी गेल्या आणि ओल्या जमिनीवर बूड टेकलं. हात उताणा. कोंबडे मागच्या भिंतीला चिकटलेले.

“मावशी, अमावास्येला चारच दिवस आहेत, तेवढ्यात ते यायचे नाहीत हाताला.”

“चार दिस तर चार दिस. तवर बसती की.” त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. “तू जा. तुझ्यास्नी ने. ऊन व्हायच्या आत ने.”

मी वाकून त्यांच्या पाया पडले. “व्हय व्हय,” म्हणाल्या, “हात हलला बघ माझा तुझ्यापायी.”

माझ्या दहांना धरावं लागलं नाही. टेम्पोला फळी लावली, मी वर बसले, थाळीवर बोट वाजवलं, आणि ते एकामागं एक चढून आले, डीवायएसपी, मुख्याधिकारी, उपनिबंधक, सगळे. कुठं नेताय, असं एकानंही विचारलं नाही. कापायला न्यायचं असतं तरी असेच चढले असते. त्यामुळे चांगलं वाटायला पाहिजे तितकं वाटलं नाही.

तहसीलदार मागं बसेना. तो पुढं आला, पप्पांच्या आणि माझ्यामध्ये. रंकाळा मागं पडला. मग तो पप्पांच्या मांडीवर चढला आणि त्यांच्या निवृत्तीच्या समारंभासाठी शिवलेल्या पँटवर हगला. पप्पांनी गाडी थांबवली नाही. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, “हा तहसीलदारच न्हवं?”

बिद्रीला काकू दारात आल्या. टेम्पोत डोकावून म्हणाल्या, “केवढे भरल्यात. यातला एक संध्याकाळी करू काय भावजी?”

“न्हाई,” पप्पा म्हणाले. “ते स्वप्नालीचे हैत.”

शेजारचे दोघं-तिघं जमले होते. त्यातल्या एका आजोबांनी माझ्याकडं बोट करून विचारलं, ही कोण. पाच वर्षं लग्नात, बारशात, दवाखान्यात, कुणीही विचारलं की पप्पा एकच सांगतात, ही आमची धाकटी, तयारी करते. कशाची ते विचारायची कुणाला गरज पडत नाही, आणि मी खाली बघते.

पप्पांनी पँटवरचा डाग रुमालानं पुसला. “ही माझी मुलगी. पाखरं माणसाळवती.”

“म्हंजे काय करती?” आजोबांनी विचारलं.

पप्पा सांगायला लागले. हात कसा उताणा ठेवायचा, बोट कसं वाजवायचं, घार कुठनं येते. निम्मं चुकीचं सांगत होते. मी मधे बोलले नाही.